गिल्बर्ट हॅलेटची हिरवळ

आमच्या विंटरकोम गावात वरच्या रस्त्यानं चर्चकडे जाताना डाव्या हाताला गारगोट्यांची बुटकी भिंत लागते, आणि भिंतीपलीकडे गिल्बर्ट हॅलेटच्या घरामागची हिरवळ. टेकडीच्या अंगानं चढत गेलेली, ऐसपैस. घर साधंच, विटांचं. पण ती हिरवळ बघायला माणसांचे पाय थांबायचे. फिकट पट्टा, गडद पट्टा, पुन्हा फिकट, अशा खालपासून वरपर्यंत सरळ रेघा, नव्या शर्टावर असतात तशा.

गिल्बर्टनं जन्मभर दुधाचा टँकर चालवला. पहाटे निघायचा, दुपारी यायचा, झोपायचा. त्याचा खरा जीव होता तो शनिवारच्या सकाळीत. एप्रिल ते ऑक्टोबर, दर शनिवारी, त्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं की आम्हाला कळायचं आता नाश्त्याची वेळ झाली. गवताला तो खत मात्र कधी घालत नसे. "खाऊन माजलेलं गवत सरळ उभं राहत नाही," म्हणायचा. त्याच्या वडिलांनीही घातलं नव्हतं, आणि त्याआधी तिथे घर नव्हतंच. मेंढ्या चरायची उघडी टेकडी होती, खाली सगळा खडूसारखा पांढरा चुनखडीचा दगड आणि वर वीतभरही माती नाही.

मी त्यांच्या शेजारची. गिल्बर्ट आणि मी चर्चच्या घंटाघरात बरोबर घंटा वाजवतो. गोल उभं राहायचं, समोरच्याच्या दोरीकडे बघायचं आणि आपली दोरी वेळेवर ओढायची. तिथेच मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिघडलंय. सराव संपल्यावर तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "अ‍ॅव्हिस, तुझी टोपी दिसतेय, बूट दिसतायत. मधली तू कुठं गेलीस?"

मला वाटलं थट्टा करतोय. हसले मी.

पण त्याच महिन्यात हिरवळीवरची एक रेघ वाकली. मग दुसरी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दृष्टीचा मधला भाग जात चाललाय, कडा राहतील. गिल्बर्टला ज्या प्रकारचा आजार होता त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. दार उघडलं तर त्याला चौकट दिसे, दारात कोण उभं आहे ते दिसत नसे. टँकर तर केव्हाच सुटला होता, आता गाडीही सुटली. गवत कापायचं यंत्र मात्र तो सोडीना. एकदा त्यानं विनीच्या फुलांच्या वाफ्यातूनच ते नेलं. एकदा पाण्याच्या नळीचे तुकडे केले. आणि सप्टेंबरात वरच्या उतारावर ते यंत्र कलंडलं, त्याच्या नडगीला घासून खाली घरंगळत आलं आणि भिंतीवर आदळून बंद पडलं.

विनी म्हणजे त्याची बायको. आयुष्यभर घरोघरी फिरून नर्सचं काम केलेली, त्यामुळे जखमेला घाबरणारी नव्हे आणि माणसालाही नव्हे. तिनं नडगी धुतली, पट्टी बांधली, आणि पुढच्या मंगळवारी गिल्बर्ट घंटाघरात असताना तिच्या भाच्याला, कॉलिनला, बोलावून यंत्र देऊन टाकलं. मी गिल्बर्टला हाताला धरून घरी पोचवायला गेले तेव्हा तो थेट शेडकडे गेला. हातानं चाचपलं.

"यंत्र कुठंय?"

"गेलं. कॉलिन घेऊन गेला."

"विचारायचं तरी मला."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो, म्हणून."

बरेच दिवस तो तिच्याशी मीठ-साखरेपुरतंच बोलत होता.

त्याच सुमारास गावच्या हॉलमध्ये मिसेस ट्रेगो नावाच्या बाईंचं एक व्याख्यान झालं होतं. घराच्या बागेत रानफुलांचं कुरण कसं करावं आणि कसं राखावं यावर. मी मध्येच पेंगले होते, पण विनीनं सगळं डोक्यात साठवलं होतं. ती मला म्हणाली, "तो गवत कापू शकत नाही, मला रेघा मारता येत नाहीत. मग गवताला त्याच्या मनासारखं वागू दे की."

नुसतं वाढू देऊन भागत नाही, हे मला नंतर कळलं. कुरणाला शिस्त लागते, आणि ती लॉनपेक्षा उलटी असते. जमीन उपाशी ठेवायची. उन्हाळ्यात फुलं येऊन बिया पडेपर्यंत हात लावायचा नाही, मग सगळं एकदा कापायचं, आणि कापलेलं गवताचं शेवटचं काडूकही उचलून न्यायचं, नाहीतर ते कुजून जमिनीला पोसतं आणि दांडगं गवत पुन्हा सगळ्यांच्या उरावर बसतं. शिवाय गवताचा जोर मोडायला खुळखुळा पेरायचा. खुळखुळा म्हणजे पिवळ्या फुलांचं एक रोपटं आहे. ते शेजारच्या गवताच्या मुळाला तोंड लावून त्याचा रस पितं. गवत हडकतं आणि मग बाकीच्या फुलांना जागा मिळते.

कॉलिननं गवत अगदी बुडख्यापर्यंत कापून दिलं, आणि विनी आणि मी दाताळी घेऊन जागोजाग जमीन खरवडायला लागलो. पांढरी माती दिसेपर्यंत खरवडायचं. कंबर मोडली माझी. गिल्बर्ट स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून आवाज ऐकत होता. "कोंबड्या सोडल्यात का माझ्या लॉनवर?" तो आतून म्हणाला.

"दोन सोडल्यात," विनी म्हणाली. "म्हाताऱ्या आहेत, पण उकरतात बऱ्या."

बी पेरून झाल्यावर ते पायानं दाबायचं असतं. विनीनं त्याला हाक मारली. "चालता तरी येतं ना तुला? ये. तुडव."

तो आला. जाड बूट घालून, हात मागे बांधून, आपल्या लॉनवर सूड उगवावा तसा वर-खाली चालत राहिला. अंधारून आलं तरी थांबेना. मग जेवताना त्यानं विनीला विचारलं, "ते खुळखुळ्याचं सांग बरं. गवताचा रस पितो म्हणजे काय?"

विनीनं सांगितलं.

"म्हणजे फुकटचं खाणारा घरजावई," गिल्बर्ट म्हणाला. "आणि तू त्याला अक्षता टाकून आणलास."

थंडी गेली, वसंत आला. खुळखुळ्याची रोपं उगवली खरी, करवतीसारख्या पानांची, इवलीशी. पण पहिला उन्हाळा काही बघण्यासारखा नव्हता. गवत वाढलं, वाऱ्यापावसानं लोळलं, पिवळं पडलं. इथे तिथे दोन-चार डेझी. मलाही मनातून वाटत होतं की विनीचं चुकलं. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची नाहीत, आणि थांबली तर बघून पुढे जायची. नीटनेटक्या गावांची स्पर्धा असते, तिच्या गावच्या समितीवर प्राउज नावाचे गृहस्थ आहेत. ते एकदा भिंतीशी येऊन उभे राहिले. विनी कपडे वाळत घालत होती, गिल्बर्ट खुर्चीत.

"मिसेस हॅलेट," प्राउज म्हणाले, "घरात सगळं ठीक आहे ना? नाही म्हणजे, अंगण बघून लोकांना वाटतं, घर सोडून गेलात की काय."

विनी तोंड उघडणार तेवढ्यात गिल्बर्ट म्हणाला, "माझं गवत आहे, प्राउज. मी वाढवतोय."

"तुम्ही?"

"मी. पुढच्या वर्षी या. आत्ता त्याला लाज वाटतेय."

प्राउज गेले. विनी चादर धरून तशीच उभी राहिली. मी माझ्या अंगणातून बघत होते. तिनं चादरीवर दोनाच्या जागी चार चिमटे लावले, आणि आत जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुरणानं अंग धरलं. खुळखुळा सगळीकडे पसरला होता आणि गवत इतकं विरळ झालं होतं की मधून जमीन दिसावी. त्यातून पांढऱ्या डेझी आल्या, जांभळे गोंडे आले, जमिनीलगत पिवळ्या फुलांच्या गाद्या आल्या. गिल्बर्टला समोर बघून काही दिसायचं नाही. पण त्याला एक युक्ती सापडली. तो घराच्या धुराड्याकडे टक लावून बघायचा, आणि मग त्याच्या डोळ्याच्या खालच्या कडेला सगळं कुरण हलायला लागायचं. "बघ बघ," तो मला म्हणाला, "मी धुराडं बघतोय असं सगळ्यांना वाटतं."

बाकीचं तो कानानं करायचा. विनीनं मधून एक पायवाट कापून ठेवली होती. सकाळी तो त्या वाटेनं जायचा, दोन्ही हात बाजूला, तळवे गवताच्या शेंड्यांवर. मोठा भुंगा कुठला, छोटा कुठला, हे त्याला आवाजावरून कळू लागलं. ऊन तापलं की नाकतोडे एका टोकापासून सुरू होत आणि दुसऱ्या टोकाला पोचत. मध्ये ढग आला की सगळे एकदम गप्प. एकदा त्या गप्प होण्याच्या क्षणी मी त्याच्या शेजारी उभी होते. तो हळूच म्हणाला, "घंटाघरात आपल्याला हे जमलं असतं तर."

जुलै संपत आला तेव्हा त्यानं विनीला बाहेर बोलावलं. वारा होता. सगळं कुरण कोरडं, बारीक आवाज करत होतं, कागदाच्या पुडीत डाळ हलवावी तसा. खुळखुळ्याच्या शेंगा वाळल्या होत्या आणि बिया आत वाजत होत्या.

"झालं तयार," गिल्बर्ट म्हणाला. "कॉलिनला बोलाव."

कॉलिननं यंत्रानं कापलं, आम्ही वाळलं गवत उचललं. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत तो अधूनमधून येऊन वर आलेलं गवत यंत्रानं पुन्हा आखूड करून जात राहिला. ते बरोबरच होतं, मिसेस ट्रेगोंनीही तसंच सांगितलं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्याचं मी काय सांगू. जूनच्या एका सकाळी मी झोपेतून उठून पडदा सारला आणि तिथेच उभी राहिले. रात्रीतून सगळ्या डेझी उमलल्या होत्या. टेकडीच्या अंगानं पांढरं काहीतरी वर चढत चाललं होतं, आणि त्यावर काळी-पांढरी फुलपाखरं ऊन खात पंख पसरून बसलेली. मला या गावात जन्मून सत्तर वर्षं होत आली, आणि माझ्या खिडकीबाहेर असं काही असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. रस्त्यावर प्राउज उभे होते. टोपी काढून हातात धरली होती. चर्चमध्येसुद्धा ते टोपी काढायला विसरतात.

आणि मग गवत कापायची वेळ आली तेव्हा कॉलिनचा निरोप आला. शिडीवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं.

विनीनं इकडे तिकडे विचारलं. सगळे शेतकरी आपापल्या कापणीत. हवा चांगली होती, पण टिकणार नव्हती. शेंगा वाजत होत्या. एका संध्याकाळी गिल्बर्ट शेडमध्ये गेला आणि बराच वेळ आतून खडखड ऐकू आली. बाहेर आला तो वडिलांचा विळा घेऊन. दोन हातांनी धरून उभ्यानं चालवायचा, माणसाएवढ्या दांड्याचा, हातभर पात्याचा. त्याचे वडील त्या विळ्यानं चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापायचे, आणि गिल्बर्टही तरुणपणी त्यांच्याबरोबर कापायचा.

"नाही," विनी म्हणाली.

"मी अजून काही बोललोच नाही."

"हातात काय आहे ते दिसतंय मला. तुला दिसत नाही म्हणून सांगते. नाही."

"विनी, यंत्र डोळ्यानं चालवावं लागतं. हा विळा मला कधी डोळ्यानं शिकवलाच नव्हता. बाबा म्हणायचे, पात्याकडे बघू नकोस, पाठीचं ऐक."

"तुझा पाय गेला तर मी शिवणार नाही. निवृत्त झालेय मी."

"अ‍ॅव्हिस शिवेल."

"मी शिवणार नाही," मी म्हणाले.

त्यानं विळा भिंतीला टेकवला आणि खाली बसून पात्याला दगड लावायला सुरुवात केली. दगड पाण्यात बुडवायचा, पात्याच्या एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं. सुरुवातीला आवाज भसाडा येत होता. हळूहळू तो बारीक होत गेला, आणि शेवटी असा स्वच्छ निघायला लागला की विनी बोलायची थांबली. त्यानं अंगठा पात्यावर आडवा टेकवून धार बघितली आणि म्हणाला, "सकाळी. दव असताना. कोरडं गवत वाकून निसटतं."

सकाळी मी गेले तेव्हा विनी मागच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पट्ट्यांचा डबा. गिल्बर्ट खालच्या कोपऱ्यात उभा होता. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. त्यानं पहिला फटकारा मारला आणि पातं जमिनीत रुतलं. उपटलं. दुसरा मारला, तो नुसता शेंड्यांवरून गेला. विनीनं डबा घट्ट धरला. तो थांबला, खांदे सैल सोडले, आणि मग कमरेतून वळला.

गवत पडल्याचा आवाज असा येतो हे मला माहीत नव्हतं. एक लांब श्वास घेतल्यासारखा. पातं जमिनीला चाटत उजवीकडून डावीकडे गेलं आणि त्याच्या डाव्या हाताला गवताची, फुलांची, शेंगांची एक ओली रास आपसूक येऊन पडली. त्यानं अर्धं पाऊल टाकलं. पुन्हा तो श्वास. पुन्हा अर्धं पाऊल. त्याचं तोंड समोर नव्हतंच, वर टेकडीकडे होतं. उभं राहिलेलं गवत त्याच्या डोळ्याच्या कडेला भिंतीसारखं दिसत होतं म्हणे, आणि कुठे चार काड्या चुकल्या तर पात्याच्या आवाजात ते कळत होतं. मी बघत होते तेवढ्यात तो एकदा मागे आला, जिथे मला काही दिसत नव्हतं तिथे पातं फिरवलं आणि उरलेलं झुपकं पाडून पुढे गेला.

वरच्या टोकाशी जाऊन तो दगड लावायला थांबला. धापा टाकत होता. मागे वळून त्यानं विचारलं, "सरळ आहे का गं?"

विनी उठून उभी राहिली. हॅलेटच्या टेकडीवर खालपासून वरपर्यंत एक पट्टा गेला होता, दोरी लावून आखावा इतका सरळ.

"हो," ती म्हणाली. "आहे सरळ." आणि डबा आत ठेवून आली.

तीन-चार सकाळी लागल्या त्याला. दुपारी विनी आणि मी पडलेलं गवत उलथवत होतो. झटकलं की शेंगांतून बिया जमिनीवर सांडत, पुढच्या वर्षासाठी. मग सगळं उचलून खालच्या गल्लीतल्या घोडेवाल्या बाईकडे दिलं. उरली ती बोडकी, पिवळट जमीन. कॉलिनचं मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि आखूड गवताला विळा लागत नाही. त्यामुळे त्या वर्षी जमीन तशीच राहिली, हात न लावलेली. एक पाऊस झाला, थोडं हिरवं दिसायला लागलं, तेवढंच.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. आम्ही तिघं बाहेर चहा पीत बसलो होतो. सहाला घंटाघरात सराव होता. ऊन बरं होतं, वारा नव्हता. गिल्बर्टनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "केक केलास का गं?"

"बिस्किटं आहेत."

"बदामाचा वास येतोय. मधाचा पण."

"वाळलं गवत असेल."

"विनी, गवताचा वास मला माहीत आहे."

तो उठला, कापलेल्या जमिनीवर चालत गेला, थांबला, नाक वर केलं. मग आणखी थोडा वर गेला आणि एकदम गुडघ्यांवर बसला. आम्ही दोघी बघत होतो. त्याचा हात गवतावरून हळूहळू फिरत होता, एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. हात थांबला. दोन बोटांत त्यानं काहीतरी धरलं.

"इथे या," तो म्हणाला. आवाज अगदी हळू. "काहीतरी आहे. काडी आहे, आणि तिच्यावर जिना आहे."

आम्ही गेलो. मी गुडघे टेकले. बोटाएवढा उंच एक राखी-हिरवा दांडा होता, आणि त्याच्याभोवती वळत वळत वर गेलेली पांढरी फुलं. तांदळाच्या दाण्याएवढं एकेक फूल, आणि कडेला हिमाचा चुरा लागल्यासारखी चमक. मला ते ओळखीचं होतं. गावाबाहेरच्या जुन्या चॅपेलच्या टेकडीवर मेंढ्यांच्या वाटेला मी लहानपणी मूठभर पाहिली होती. लांबलांबून माणसं यायची बघायला, पोटावर झोपून फोटो काढायची. आमच्याकडे त्याला बाईची वेणी म्हणतात. आमच्या थंड मुलखातलं हे एक ऑर्किड.

"बाईची वेणी आहे ही," मी म्हणाले. "गिल्बर्ट, तुझ्या अंगणात बाईची वेणी आलीय."

"एकच?"

"एक तरी कुठे येते..." असं म्हणत मी मान वर केली.

उभ्यानं काही दिसत नव्हतं, कारण दांडे गवताच्याच रंगाचे. पण गुडघ्यांवर बसून तिरप्या उन्हात बघितलं, आणि दिसल्या. त्याच्या हातापाशी दुसरी होती. पलीकडे तीन. त्यापलीकडे घोळका. मग माझ्या नजरेला सवय झाली आणि सगळी टेकडी पांढऱ्या वेण्यांनी भरली. भिंतीपर्यंत. शेडपर्यंत. शेकडो असतील, हजारही असतील. सगळ्या ताठ, निश्चल, आणि त्यांच्यातून तो बदामाचा वास तापून वर येत होता. चहा पीत होतो तेव्हाही त्या आमच्या पायांशी उभ्या होत्या.

विनी उभीच होती. तिनं एक पाऊल उचललं होतं ते टाकायला तिला जागा दिसेना. "मी कुठून आले इथे?" ती म्हणाली. "अ‍ॅव्हिस, मी कशी आले?"

"हलू नकोस."

"एका पायावर किती वेळ उभी राहू?"

"मला सांग," गिल्बर्ट म्हणाला. "मला सांगा कुणीतरी."

विनी सावकाश खाली बसली, एक हात त्याच्या खांद्यावर टेकवून, आणि त्याच्या कानाशी सांगायला लागली. तिनं काय सांगितलं ते मला सगळं ऐकू आलं नाही. नर्सच्या सवयीनं ती सगळं नीट, क्रमानं सांगते, पण त्या दिवशी मधूनमधून तिचं वाक्य तुटत होतं. तो आपली मान धुराड्याकडे वळवून, डोळ्याच्या कडेनं, जे काही हाती लागेल ते बघत होता. आम्ही तिघं म्हातारी माणसं त्या अंगणाच्या मधोमध अडकून पडलो. सहा वाजले. घंटा सुरू झाल्या, दोन कमी, लंगडत लंगडत. आमच्यापैकी कुणीच हललं नाही.

दोन दिवसांनी मिसेस ट्रेगो आल्या. त्यांनी भिंतीवरूनच पाहिलं आणि तिथेच टेकल्या. आत आल्यावर त्या बराच वेळ रांगत होत्या. मग चहाच्या टेबलाशी येऊन बसल्या. गुडघ्यांवर माती.

"ही नवी आलेली नाहीत, मिस्टर हॅलेट," त्या म्हणाल्या. "या झाडाला बीपासून फुलापर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतात. ही मेंढ्यांच्या काळापासून इथे आहेत."

"इथे म्हणजे कुठे?"

"तुमच्या लॉनखाली. पानं जमिनीला चिकटून असतात, त्यामुळे पात्याखालून सुटतात. फूल मात्र ऑगस्टमध्ये वर येतं."

गिल्बर्टनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "आणि ऑगस्टमध्ये मी दर शनिवारी कापत होतो."

"हो."

"चाळीस वर्षं."

"हो."

"दर वर्षी वर यायच्या, आणि मी..." त्यानं हात टेबलावरून आडवा फिरवला, विळा फिरवतात तसा.

मिसेस ट्रेगो थोड्या पुढे झुकल्या. "ऐका. तुम्ही खत घातलं असतं तर या केव्हाच मेल्या असत्या. गवत वर्षानुवर्षं तसंच वाढू दिलं असतंत तरी सावलीत गुदमरल्या असत्या. मेंढ्या गेल्यावर या टेकडीवर बाकी सगळीकडे त्या संपल्या. इथे राहिल्या, कारण कुणीतरी दर आठवड्याला गवत आखूड ठेवत होतं. तुम्हीच कापत होतात आणि तुम्हीच जगवत होतात."

त्यावर तो चष्मा काढून पुसत राहिला. खरं तर चष्म्याचा त्याला आता काही उपयोग नव्हता, सवयीनं घालायचा.

आता कुरणाचा कारभार त्याच्याकडे आहे. जुलैत शेंगांचा आवाज ऐकून कधी कापायचं ते तोच ठरवतो, आणि तोच कापतो. त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत कुणी यंत्र आणलं तर खैर नाही. ऑगस्टच्या शेवटी माणसं बघायला येतात. विनीनं वाटेवर जुन्या सतरंज्या टाकलेल्या असतात. गिल्बर्ट प्रत्येकाला एकच सांगतो, "आडवे व्हा. उभ्यानं कळत नाही." प्राउजसुद्धा झाले, सूट घालून, पोटावर. उठताना त्यांना हात द्यावा लागला, आणि भिंतीपर्यंत जाताना ते दोनदा मागे वळले.

डोळ्यांच्या कडाही आता अंधुक होत चालल्यात. तो ते सांगत नाही, पण घंटाघराच्या पायऱ्यांवर मला कळतं.

परवा जानेवारीतल्या एका सकाळी गवतावर दव गोठलं होतं. बाकी सगळं मेलेलं, करपलेलं. मी कचरा टाकायला बाहेर गेले तर गिल्बर्ट कुरणात गुडघ्यांवर बसलेला, हातमोजा काढून. वेणीची पानं थंडीतच जमिनीवर येतात, चार-पाच हिरव्या पानांचं एक नाण्याएवढं चक्र, मातीला घट्ट चिकटलेलं. तो तळहात एकावर ठेवायचा, थांबायचा, मग सरकून पुढच्यावर.

"गिल, आत ये," विनी दारातून म्हणाली. "बोटं गळून पडतील."

"आलो."

"चहा निवला."

"आलो म्हटलं ना," तो म्हणाला, आणि हात पुढे सरकवून तिसरं शोधायला लागला.